कचरा ओढणारा रोबो आणि 12 वर्षांचा मुलगा

नमस्कार श्रोतेहो. आज एका निळ्या रोबोबद्दल बोलायचं आहे, आणि त्याच्या निमित्ताने एका मुलाबद्दल. मला मनापासून सांगायची आहे ती त्या मुलाचीच गोष्ट. पण ती कळायची तर रोबोची ओळख हवी, म्हणून आधी ओळख.

17 डिसेंबर 1987. जपानमध्ये कॅपकॉम या कंपनीने फॅमिकॉमवर, म्हणजे घरच्या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, खेळायचा एक गेम बाजारात आणला. नाव 'रॉकमॅन'. जपानबाहेर तो 'मेगामॅन' म्हणून गेला, आणि तुमच्यातल्या बहुतेकांनी तो त्याच नावाने खेळला असेल. कॅपकॉमचं नाव तोवर होतं ते नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांसाठी. घरच्या टीव्हीसाठी म्हणून मुळापासून बनवलेला तिचा हा पहिलाच गेम.

खेळायचं कसं ते तुम्हाला माहीत आहे. पळायचं, उडी मारायची, हाताच्या जागी बसवलेल्या तोफेतून गोळ्या झाडायच्या. काट्यांवर पडलात की जीव गेला.

आता गोष्ट. डॉक्टर लाइट नावाचे शास्त्रज्ञ माणसांच्या उपयोगाचे रोबो बनवतात. कट मॅन झाडं कापतो. गट्स मॅन खडक उचलतो. बॉम्ब मॅन सुरुंग लावून जमीन मोकळी करतो. आइस मॅन बर्फात काम करतो, फायर मॅन कचरा जाळतो, इलेक मॅन वीजकेंद्र सांभाळतो. डॉक्टर वायली या सहाही जणांच्या डोक्यात फेरफार करून त्यांना जगावर सोडतो. तेव्हा डॉक्टर लाइट यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस असलेला रॉक पुढे येतो आणि म्हणतो, मला लढणारा रोबो बनवा. तोच रॉकमॅन. एवढीच गोष्ट.

पण यातली एक बाब लक्षात ठेवा, कारण पुढे ती लागणार आहे. हे सगळे कामकरी रोबो आहेत. राक्षस नाहीत, परग्रहावरून आलेले नाहीत. काम करणारे रोबो आहेत.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची, आणि ती या गेमचा नियमच आहे. ज्याला हरवाल, त्याचं हत्यार तुमचं होतं. आणि प्रत्येक हत्यार कुणाच्या तरी वर्मावर बसतं. दिग्दर्शक अकिरा कितामुरा यांनी ही कल्पना दगड-कागद-कात्रीवरून घेतली. बॉम्ब मॅनचा बॉम्ब गट्स मॅनला भारी पडतो. गट्स मॅनच्या ताकदीने उचललेला दगड कट मॅनला चिरडतो. कट मॅनची कात्री इलेक मॅनला कापते. इलेक मॅनची वीज आइस मॅनला, आइस मॅनचा बर्फ फायर मॅनला, आणि फायर मॅनची आग पुन्हा बॉम्ब मॅनला. वर्तुळ पुरं. सुरुवात कुठून करायची ते तुम्ही ठरवायचं. सहाही दारं पहिल्यापासून उघडी असतात. परत सांगतो, कारण सगळं यावरच उभं आहे: हरवाल त्याचं हत्यार मिळेल, आणि ते कुणावर चालतं ते तुम्ही शोधायचं. गेम आपण होऊन सांगत नाही. अलीकडचे गेम पहिला अर्धा तास बाण दाखवून, चौकटी उघडून शिकवत बसतात, ते मला पटत नाही. खेळणाऱ्याला डोकं आहे असं धरून चालावं.

रॉकमॅन निळा का, हेही विचारलं जातं. फॅमिकॉमच्या रंगपेटीत निळ्याच्या छटा जास्त होत्या, म्हणून. शिवाय यंत्र एका आकृतीत तीनच रंग भरू द्यायचं. म्हणून रॉकमॅनचा चेहरा ही वेगळी आकृती आहे, आणि ती निळ्या शरीरावर बसवली आहे. पडद्यावर गर्दी झाली की आकृत्या लुकलुकायच्या, तेव्हा हे नीट दिसायचं. चित्रकारांत केजी इनाफुने होते, शिक्षण संपवून नुकतेच कंपनीत आलेले. संगीत मानामी मात्सुमाए यांचं. पण गेमच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत ही नावं दिसत नाहीत. तिथे टोपणनावं आहेत. दुसऱ्या कंपन्यांनी आपली माणसं पळवू नयेत म्हणून त्या काळी असं करत. माझं याबद्दल ठाम मत आहे. माणसाने केलेल्या कामावर त्याचं खरं, पूर्ण नाव असावं. गेम असो, पूल असो, धड्याच्या पुस्तकातलं चित्र असो. ज्या सुरावटी लोक तीस-तीस वर्षं गुणगुणतात, त्या कुणी रचल्या हे खेळणाऱ्याला खेळ संपताना कळलंच पाहिजे.

असो. आता त्या मुलाकडे येऊ.

पहिल्या गेमनंतर दुसरा भाग आला 24 डिसेंबर 1988 रोजी. टीममधल्या लोकांनी दुसरी कामं सांभाळून, स्वतःचा वेळ घालून तो बनवला. यावेळी बॉस, म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या शेवटी हरवायचे रोबो, सहाचे आठ झाले. आणि कॅपकॉमने एक धाडस केलं. खेळणाऱ्या मुलांनाच विचारलं, तुम्हाला कुठला रोबो हवा? चित्र काढून पाठवा. 8,000हून जास्त चित्रं आली. पुढच्या काही भागांना ही स्पर्धा होत राहिली आणि आकडा फुगत गेला.

चौथ्या भागाच्या वेळी, जपानातल्या एका 12 वर्षांच्या मुलाने चित्र पाठवलं. त्याचं नाव युसुके मुराता. आणि त्याने काय काढलं? तलवारवाला नाही, ज्वालामुखीवाला नाही. त्याने काढला व्हॅक्यूम क्लीनर. अंग गोलमटोल आणि कपाळाच्या जागी कचरा ओढणारं भलंमोठं तोंड. नाव डस्ट मॅन.

श्रोतेहो, मला हे चित्र फार आवडतं, आणि का आवडतं ते सांगतो. मघाशी म्हटलं ना, हे सगळे कामकरी रोबो आहेत? त्या मुलाने ते ओळखलं होतं. हजारो मुलांनी भयंकर दिसणारे रोबो पाठवले असतील. पण भयंकर असणं म्हणजे रॉकमॅनचा बॉस होणं नव्हे. बॉस व्हायला आधी नोकरी लागते. या रोबोला नोकरी होती: कचरा उचलणं. आणि त्या नोकरीतूनच त्याचं हत्यार निघतं.

म्हणजे बघा. 6 डिसेंबर 1991 रोजी जपानमध्ये चौथा भाग आला, आणि त्या मुलाचा डस्ट मॅन त्यात होता. तुम्ही त्याच्या लेव्हलमध्ये शिरता ते भंगाराच्या ढिगाऱ्यातून. एके ठिकाणी तर भंगार दाबणारं यंत्रच आहे. वरचं छत खाली येतं, मधे रद्दीचे ठोकळे रचलेले, आणि गोळ्या झाडून ते ठोकळे फोडत तुम्हाला वाट करायची असते. थांबलात तर चेपलात. मग दार उघडतं, आणि समोर तो उभा.

आणि तो काय करतो? तुम्हाला ओढतो! कपाळावरचं तोंड सुरू होतं, आणि रॉकमॅन आपोआप त्याच्याकडे सरकायला लागतो. तुम्ही उलट्या दिशेचं बटण दाबून धरता, पळता, तरी जागच्या जागी. त्याच्या अंगाला लागलात की मार बसतो. मग ओढणं थांबतं आणि तो भंगाराचा एक गोळा तुमच्यावर फेकतो. गोळा आपटला की फुटून त्याचे चार तुकडे चार तिरप्या दिशांना उडतात. ओढायचं आणि फेकायचं. आत घ्यायचं आणि बाहेर टाकायचं. कंट्रोलर हातात असताना आपलाच रोबो आपल्या मनाविरुद्ध सरकतोय, हा अनुभव कागदावरच्या एका चित्रातून आला. एका मुलाने घरातल्या यंत्राकडे नीट पाहिलं, त्यातून आला.

इथे कॅपकॉमच्या लोकांचंही कौतुक करायला हवं. चित्र निवडणं सोपं. त्यातली कल्पना ओळखून तिचा खेळ करणं, ते छत, ते ठोकळे, ती ओढ आणि ते चार तुकडे बसवणं, हे त्यांचं काम. मुलाने चित्र दिलं. त्यांनी ते मनावर घेतलं.

आता ते वर्तुळ आठवा. हरवाल त्याचं हत्यार मिळतं, आणि ते कुणावर तरी चालतं. डस्ट मॅन या वर्तुळात नुसता पाहुणा म्हणून बसवलेला नाही. रिंग मॅन नावाच्या बॉसला हरवलं की एक फेकून परत येणारं कडं मिळतं, ते डस्ट मॅनवर चालतं. आणि डस्ट मॅनला हरवलं की त्याचा भंगाराचा गोळा तुमचा होतो, तो स्कल मॅनवर चालतो. एक दुवा अलीकडे, एक दुवा पलीकडे, आणि मधे त्या मुलाचा रोबो. तो काढून टाकला तर साखळी तुटते. म्हणून मी म्हणतो की नियम असा हवा, जो 12 वर्षांच्या मुलाला पूर्ण कळेल आणि ज्यात त्याला स्वतःची भर घालता येईल. रॉकमॅनचा नियम तसा आहे.

मुलांकडून नेहमी फुलं, डोंगर आणि सूर्य काढून घेतात. त्यांना यंत्रं काढायला द्या. मिक्सर, पंखा, शिवणयंत्र. आत काय चालतं याची कल्पना करून काढू द्या. हे माझं जुनं म्हणणं आहे आणि मी ते प्रत्येक ठिकाणी मांडतो.

गोष्ट इथे संपत नाही. पाचव्या भागासाठी पुन्हा स्पर्धा झाली. त्याच मुलाने पुन्हा चित्र पाठवलं. पुन्हा निवडलं गेलं. या वेळचा रोबो क्रिस्टल मॅन. त्याचं हत्यार म्हणजे एक मोठा स्फटिकगोळा, भिंतीवर आपटला की तो फुटतो, आणि त्याचे तीन छोटे गोळे खोलीभर आपटत, उसळत फिरतात. डस्ट मॅनच्या गोळ्याचे तुकडे होतात, क्रिस्टल मॅनच्याही गोळ्याचे तुकडे होतात. पहिल्यात तुकडे उडून जातात, दुसऱ्यात ते उसळत राहतात. पाचवा भाग 4 डिसेंबर 1992 रोजी आला. त्या स्पर्धेतल्या आठ विजेत्यांसाठी कॅपकॉमने चौथ्या भागाच्या सोनेरी कॅसेट बनवल्या. फक्त आठ.

आणि तो मुलगा मोठा होऊन काय झाला? चित्रकारच झाला. 2002 पासून त्याने 'आयशील्ड 21' ही अमेरिकन फुटबॉलवरची चित्रमालिका काढली, कथा रीइचिरो इनागाकी यांची. नंतर 2012 पासून 'वन-पंच मॅन'. ती जगभर वाचली जाते. त्या पानांवरची यंत्रं पाहा, सांधे, नळ्या, पत्रे. प्रत्येक भाग कशासाठी आहे ते चित्रातून कळतं.

बाकी इतिहास थोडक्यात. तिसऱ्या भागात घसरत जायची सोय आणि रश हा रोबो कुत्रा आला. चौथ्यात बटण दाबून धरलं की मोठी गोळी सुटायला लागली. 2008 साली नववा भाग मुद्दाम जुन्या फॅमिकॉमच्या रूपात काढला, आणि तो निर्णय मला आजही फार योग्य वाटतो. 2018 साली अकरावा आला.

ज्यांना खेळून पाहायचं आहे त्यांनी 'मेगामॅन लेगसी कलेक्शन' शोधावं. पहिले सहाही भाग त्यात एकत्र आहेत. चौथा भाग उघडा. आधी फारो मॅनला गाठा, त्याचं हत्यार रिंग मॅनवर चालतं. मग रिंग मॅन. त्याचं कडं हातात आलं की डस्ट मॅनकडे जा. तो ओढायला लागला की उलट दिशेचं बटण सोडू नका, आणि ओढणं थांबेपर्यंत उडीची घाई करू नका. नमस्कार.