मशीन भरायला पहाटे उठायचं कुणी?

नमस्कार श्रोतेहो. मला इथं बोलवलं तेव्हा सांगितलं होतं की ताई, तुमच्या धंद्याबद्दल दहा-बारा मिनिटं बोला. घरी सांगितलं तर आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई हो, म्हणाल्या, "दहा मिनिटं? तू फोनवर सप्लायरशी भांडतीस तेच अर्धा तास चालतंय." तर बघू किती जमतंय.

आमचा धंदा मशीनचा. कंपन्यांमधे चहा-कॉफीची मशीनं ठेवायची, वेफर्स-बिस्किटं-भडंगची मशीनं ठेवायची, ती भरायची, धुवायची, बिघडली की रात्री-अपरात्री पळायचं. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला जास्त, शिरोलीला थोडी, आणि आता कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत पण. सगळी मिळून २३ चहा-कॉफीची आणि ६ स्नॅक्सची. घरातले आम्ही पाच जण आणि दोन पोरं पगारी.

सुरुवात मामांपासून झाली. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांची एम-एटी ही जुनी दुचाकी होती, मागं दोन पत्र्याचे डबे बांधायचे आणि खारी, बटर, टोस्ट टपऱ्यांवर टाकत फिरायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली कुठली टपरी किती वाजता उघडते, कुणाची उधारी कधी मागायची, कुणाच्या घरात लग्न आहे म्हणून दोन आठवडे मागायची नाही, सगळं डोक्यात. २०१४ ला माझ्या मिस्टरांनी चहा-कॉफी मशीनची फ्रँचायझी घ्यायची म्हणून डिपॉझिट भरलं तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "टपरीवाला निदान बोलतो तरी. हे डबडं बोलणार हाय काय?"

बोलतं की. हीटरनं दम तोडला की एरर दाखवतं, तेही बरोबर रात्री अडीच वाजता.

लोकांना वाटतं मशीन ठेवलं की संपलं, आपण घरात बसायचं आणि पैसे पडत राहणार. यूट्यूबवर तर असले व्हिडिओ इतके आहेत की आठवड्याला एखादा तरी फोन येतो, ताई मला पण पॅसिव्ह इन्कमसाठी एक मशीन घ्यायचंय. तुम्हाला मिरज स्टेशनवरचा तो जुना वजनकाटा आठवतो का, रंगीत दिवे लुकलुकायचे, चक्र गरगर फिरायचं आणि नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं जाड तिकीट खटकन पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य? आपल्याकडच्या कित्येकांनी बघितलेलं पहिलं व्हेंडिंग मशीन ते. आणि त्याच्याही आधीचं सांगते, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात हेरॉन नावाच्या माणसानं एक यंत्र लिहून ठेवलंय, देवळात नाणं टाकलं की त्या वजनानं दांडी खाली जाते, झडप उघडून थोडं पवित्र पाणी पडतं आणि नाणं घसरलं की झडप बंद. हेरॉनचं नाव राहिलं. त्यात रोज पाणी भरणारा कुणीतरी असणारच की, त्याचं नाव मात्र कुठं नाही.

आमचं सगळं घर म्हणजे तो पाणी भरणारा माणूस आहे बघा.

आता कंपन्यांना मशीन लागतं कशाला? जुन्या फॅक्टरी ॲक्टमधे, १९४८ च्या, कलम ४६ होतं, २५० च्या वर कामगार असतील तर कँटीन काढायला लावता यायचं. नव्या लेबर कोडमधे तो आकडा १०० वर आणलाय. पण आमच्याकडं तीस, पन्नास, ऐंशी माणसांचे युनिट भरपूर, त्यांना आचारी आणि कँटीन परवडत नाही, आणि चहाला माणूस गेटबाहेर टपरीवर गेला की पाच मिनिटांची वीस होतात म्हणून मालकाचा जीव खालीवर. तिथं आमचं मशीन बसतं. त्यात फौंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचे कारखाने. फौंड्रीत भट्टी बरेचदा रात्री चालवतात, बरीच वर्षं रात्रीच्या विजेच्या दरात सवलत होती म्हणून तशी सवयच पडली, आणि रात्री दोनला कुठली टपरी उघडी असणार? म्हणून आमचा सगळ्यात जास्त खप रात्री एक ते चार. त्या वेळेला मशीन रिकामं सापडलं तर सकाळी शिव्या मिस्टरांना नाही, मला येतात, कारण नंबर माझा चिकटवलाय.

पहिलं वर्ष मात्र फार वाईट गेलं. कोल्हापूरचा माणूस, घरात म्हैस नसली तरी शेजारी असते, कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायलेला, त्याला तुम्ही पावडरचा चहा देणार? एका फौंड्रीतले मोल्डिंगचे एक काका पहिला घोट घेऊन माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "वैनी, ह्यात दूध कुठल्या बाजूनं गेलंय?" मी काय बोलणार. कंपनीच्या चार्टप्रमाणं कपाला बारा ग्रॅम प्रीमिक्स, म्हणजे चहाची तयार पावडर, पडायचं, आम्ही सेटिंग चौदावर नेलं, आलं-वेलची फ्लेवर बदलला, साखर कमीवालं वेगळं ठेवलं. बारा ग्रॅमला किलोत साधारण त्र्याऐंशी कप निघतात, चौदाला सत्तर-एकाहत्तर. म्हणजे किलोमागं बारा-तेरा कपांची विक्री आम्ही स्वतःच्या हातानं ओतून दिली, पण मशीनं टिकली ती त्यामुळंच.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट आला. महापूर तुम्हाला सांगायला नको. हायवे बंद, शिरोलीकडं जाता येईना, दुधाच्या गाड्या अडकलेल्या, पेट्रोल नाही. आमचं गोडाऊन उजळाईवाडीला, उंचावर, तिथं प्रीमिक्सची पोती कोरडी होती. गोकुळ शिरगावात काही कंपन्यांमधे परगावची पोरं अडकून पडली होती, तिथं भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मोटरसायकलवर पिशव्या टाकून जायचे, आणि त्या आठवड्यात पावडरच्या चहाला कुणी नाव ठेवलं नाही. वर्षभर माझं ज्यांनी डोकं खाल्लं होतं ते मोल्डिंगचे काका पण तिथंच होते. तीन कप घेतले म्हणे त्यांनी.

आता मशीनच्या आतलं सांगते, कारण फ्रँचायझी विकणारा हे सांगत नाही. चहाचं मशीन उघडलं की वर डबे, खाली पावडर पडायची नळी, त्याखाली मिक्सिंग बाऊल. गरम पाण्याची वाफ वर जाते, नळीच्या तोंडाशी पावडरला ओल लागते आणि तिची खपली धरते, आधी पिवळसर, मग तपकिरी, मग दगड. एक दिवस धुतलं नाही तर चहा पातळ येतो, दोन दिवस नाही धुतलं तर आंबूस वास. मागच्या बाजूला ऊब असते, तिथं झुरळांचं माहेर. बोअरचं पाणी असेल तर हीटरवर पांढरा थर चढतो, दर पंधरा दिवसांनी लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवून तो काढायचा. हे सगळं मला आत्तींनी शिकवलं म्हटलं तर हसाल, पण पहिल्यांदा मशीनचा बाऊल बघून त्या म्हणाल्या, "अगं, हे दुधाचं भांडं हाय, रात्रीचं तसंच ठेवतीस व्हय?" टेक्निशियननं दोन तासांचं ट्रेनिंग दिलं होतं, त्यात हे एक वाक्य नव्हतं.

स्नॅक्सच्या मशीनची तऱ्हा वेगळी. त्यात स्प्रिंगसारखे कॉइल असतात, बटण दाबलं की कॉइल एक वेढा फिरतो आणि पुढचा पुडा पडतो. पडायला पाहिजे. भडंगचा पुडा हलका आणि फुगीर, तो दोन वेढ्यांत अडकून लोंबकळतो, आणि मग माणूस काय करतो? मशीन हलवतो. दोन-तीनशे किलोचं धूड ते, अंगावर आलं तर? म्हणून आम्ही पहिल्या महिन्यात सगळी मशीनं भिंतीला ठोकून घेतली. आता पुडा भरताना खालची कड कॉइलच्या बाहेर आणि तोंड जरा पुढं झुकतं ठेवायचं, आणि जुन्या तारखेचा पुढं, नवीन मागं. सोपं वाटतं, पण पगारी पोरगं घाईत असलं की नवीन माल पुढं कोंबून मोकळं होतं आणि महिन्यानं मागून एक्स्पायरीचा गठ्ठा निघतो. भाऊजी भरतात त्या मशीनमधे हे होत नाही. का, तर तो गठ्ठा घरीच येतो आणि त्याच्यावर घरीच बोलणी बसतात.

पैशाचं बोलू. छापील किमतीच्या वर पुडा विकता येत नाही, मशीन असलं म्हणून काय झालं, कायदा तोच. मोठ्या ब्रँडच्या दहाच्या पुड्यावर आम्हाला एक रुपया सुटतो, कधी तोही नाही, आणि त्यातच वीज, रूट म्हणजे मशीनं भरत फिरायचा खर्च, बिघाड सगळं. खरी कमाई चहात, आणि थोडी आपल्याकडच्या मालात, भडंग, शेंगदाणा चिक्की, राजगिरा लाडू. फौंड्रीतली माणसं रात्री गूळ-शेंगदाण्याचंच मागतात, उगाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी खाली आला, फरसाण १२ वरून ५, बिस्किटं १८ वरून ५, चांगलंच झालं, पण त्या आठवड्यात जुन्या छापाचा माल, नव्या छापाचा माल, पाच-दहाच्या पुड्यांवर सुट्ट्या पैशांच्या विचित्र किमती, आणि सहा मशीनच्या एकेका कॉइलची किंमत बदलत मी आणि माझी लेक बसलेलो. तिची युनिट टेस्ट होती दुसऱ्या दिवशी.

नाण्याचं तर विचारू नका. मधे आपल्याकडं दहाचं नाणं कुणी घेत नव्हतं, खोटं आहे म्हणून अफवा. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मधे जाहीर केलं की चौदा वेगवेगळ्या डिझाइनची नाणी आहेत आणि सगळी चालतात. बँकेनं सांगितलं, पण आमच्या मशीनला कोण सांगणार? त्याला जेवढी डिझाइनं शिकवली होती तेवढीच ते ओळखायचं, बाकीची खळकन परत. आता बहुतेक सगळं यूपीआयवर चालतं, पण पत्र्याच्या शेडमधे रेंज नाही, पैसे कट झाले आणि पुडा पडला नाही असं होतंच. म्हणून आम्ही प्रत्येक स्नॅक्स मशीनवर दोरीनं एक वही आणि पेन बांधलंय. नाव, किती गेले, कधी गेले, लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी परत. मिस्टर म्हणाले होते लोक खोटं लिहितील. लिहितात की, महिन्याला पन्नास-शंभर रुपयांचं. त्यापेक्षा जास्त माझं फोनवर जायचं.

फ्रँचायझी घेणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. आपल्याकडं फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चा, म्हणजे तुम्ही ज्याच्यावर सही करता तोच तुमचा कायदा. आमचं ॲग्रीमेंट बावीस पानांचं, इंग्लिशमधे, मिस्टरांनी शेवटच्या पानावर सही केली आणि पेढे आणले. दोन वर्षांनी कळलं की कागलमधे त्याच कंपनीनं दुसरा माणूस नेमलाय. आम्ही तोंड वाजवलं तर त्यांनी सातवं पान दाखवलं. एरिया लिहिलेला होता, पण तो फक्त आमचाच असं कुठंही नव्हतं. आणि दर महिन्याला ठरलेल्या रकमेचा माल त्यांच्याकडूनच उचलायचा, खपो न खपो. लॉकडाऊनमधे कंपन्या बंद, आणि आमच्या गोडाऊनमधे प्रीमिक्सची थप्पी. पुढं ते ॲग्रीमेंट संपल्यावर आम्ही नवीन घेतलं ते वकिलाकडून वाचून, आणि स्नॅक्सचं तर स्वतःच्याच नावावर, फूड लायसनचा चौदा आकडी नंबर पण आमचा.

दुसरी गोष्ट घरातली. पहिली चार वर्षं कुणाला पगार नव्हता, "घरचंच आहे" म्हणून. भाऊजी पहाटे चारला उठून रूट करायचे आणि लग्नाला स्थळं आली की मुलगीवाले विचारायचे, मुलगा करतो काय? तर भावाच्या धंद्यात मदत करतो. मदत! चौऱ्याण्णव किलोमीटरचा रूट रोजचा. मी एक दिवस वही काढली आणि सगळ्यांचे पगार लिहिले, माझा पण. घरात तीन दिवस कुणी नीट बोललं नाही. मामांनी चौथ्या दिवशी विचारलं, "माझा किती धरलाईस?" कारण गोडाऊनमधे पोती मोजायला तेच बसतात. त्यांचा धरला नव्हता, चूक माझी, धरला. भाऊजींचं लग्न पुढच्या वर्षी झालं, पत्रिकेत हुद्दा पण छापला.

गेल्या महिन्यात शिरोलीच्या एका मशीनवरची वही बघत होते. कुणीतरी लिहिलेलं, "एक भडंग घेतलं दोन पडले. दुसऱ्याचे १० इथं ठेवलेत." नाव नाही. खाली पानाला टेपनं चिकटवलेलं दहाचं नाणं. टेप काढली आणि म्हटलं हिशेबात घेऊ, म्हणून ते मशीनमधे टाकलं. मशीननं खळकन परत दिलं.