साडेसहाची एस्टी

हे काळं पायपुसणं बाल्कनीत पडलंय ना, ते आधी आजीच्या खोलीच्या दारात असायचं. चार-पाच दिवस आजी दारापर्यंत यायची, थबकायची, पाय उचलायची आणि परत मागे. आम्हाला वाटलं गुडघे दुखत असतील. मग कधीतरी तीच म्हणाली, "अहो, इथं खड्डा खणून ठेवलाय कुणी?" म्हणजे डोळ्यांचा प्रॉब्लेम नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन मस्त झालंय, पण डोळ्यांनी पाहिलं त्याचा अर्थ मेंदू लावतो आणि गडबड तिथे आहे. पायपुसणं उचललं, आजी सरळ चालत बाहेर आली.

आजी ७९ वर्षांची, माहेर राजापूरकडचं, डोंबिवलीत प्राथमिक शाळेत बाई होती. सुरुवात कशी झाली तर चहात दोनदा साखर, एकच प्रश्न पाच वेळा, किल्ल्या डाळीच्या डब्यात. आपल्याकडे याला शब्द तयारच आहे, म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी म्हणून आम्ही हसलोसुद्धा, खोटं कशाला बोलू. पहिल्या डॉक्टरांनीही "वय झालं आता" म्हणून परत पाठवलं आणि त्यात दीड वर्ष गेलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण ते कमी असलं तरी माणूस असाच विसरायला लागतो आणि ते औषधाने सुधारू शकतं. डोक्याला मार लागून आत हळूहळू रक्त साठलं तरी असंच दिसतं, म्हणून स्कॅन. मग कागद दिला, म्हणाले घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं. तो कागद आईने जपून ठेवलाय, हा बघा. बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला, एकमेकांवर चढलेले, काटे नाहीतच. आणि या बाईने अर्ध्या डोंबिवलीला घड्याळ शिकवलंय हो.

डॉक्टर म्हणाले, हा डिमेन्शिया. हे एका आजाराचं नाव नाही, विसरणं, गोंधळणं अशा लक्षणांचा तो गट आहे. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर अलॉइस अल्झायमर ऑगुस्टे डेटर नावाच्या बाईंशी बोलत बसले होते. बाई फ्लॉवर आणि डुकराचं मटण खात होत्या, डॉक्टरांनी विचारलं काय खाताय, तर म्हणाल्या पालक. वय फक्त ५१. १९०६ मध्ये त्या गेल्यावर डॉक्टरांनी त्यांचा मेंदू तपासला आणि त्यात काय दिसलं ते त्याच वर्षी सगळ्यांसमोर मांडलं. म्हणजे साठीचा नि बुद्धीचा हिशोब तेव्हाच चुकला होता, आपण अजून तोच धरून बसलोय. भारतात साठीच्या पुढचे ८८ लाखांच्या आसपास लोक डिमेन्शियासोबत जगतायत असा २०२३ चा अंदाज आहे.

अल्झायमरमध्ये साधारण आधी मार बसतो तो नवीन आठवण साठवणाऱ्या भागाला, त्यामुळे सकाळचे पोहे गायब, पण पावकी-निमकी विचारा, आजी आजही धडाधड म्हणते. गोळ्या चालू आहेत, त्याने थोडा फरक पडतो, आजार थांबत नाही.

खरी वेळ तिन्हीसांजेची. दिवे लागले की आजी पिशवी भरते, त्यात टॉवेल, चष्म्याची रिकामी डबी, एक बटाटा. "साडेसहाची एस्टी चुकेल, भाऊ वाट बघत असतील." भाऊ म्हणजे तिचे वडील, जाऊन चाळीस वर्षं झाली. आधी आम्ही खरं सांगायचो आणि ती दर वेळी नव्याने रडायची, म्हणजे एकाच माणसाचं मरण तिने किती वेळा ऐकलं असेल. आता आई म्हणते, "अहो आई, एस्टीला वेळ आहे अजून, तेवढ्यात मेथी निवडून होईल का?" आणि आजी बसते. देठ टोपलीत, पानं पेपरावर कचऱ्यात. आई काही बोलत नाही, रात्री पानं उचलून धुऊन घेते.

आईबद्दल कुणी विचारत नाही. नातेवाईक फोनवर "काळजी घ्या हं आजीची" म्हणतात, तेवढंच. ती अडीच वर्षं सलग झोपलेली नाही, एकदा आजीवर ओरडली आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसली. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आता रविवारी संध्याकाळी माझी ड्युटी, आई मैत्रिणीकडे जाते, फोन घरीच ठेवून.

गेल्या रविवारी मी मेथीची जुडी समोर ठेवली. आजीने पिशवी मांडीवर घेतली, बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"तुमचं गाव कुठलं हो?"

मी जन्मापासून डोंबिवलीत. म्हटलं, राजापूर.

"मग बरं झालं," म्हणाली आणि जरा सरकून बाकावर करतात तशी जागा केली. "बसा. एकाच गाडीने जाऊ."