कॅम्परव्हॅनचा कमोड बदलताना

ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेल्या या कॅम्परव्हॅनला ताम्हिणी घाटात जायचंय, पण त्याआधी तिचा कमोड बदलायला हवा. पुण्याच्या बोहरी आळीत घरगुती कमोड हवे तेवढे मिळतील, पण तसला इथे बसवू नका. घरच्या कमोडमध्ये वास अडवतं ते ट्रॅपमधलं, म्हणजे तळाच्या वळणदार नळीत साचलेलं पाणी, आणि घाटातल्या वळणांवर ते हिंदकळून निघून जातं. शिवाय एका फ्लशला 6 लिटर धरले, तरी 80 लिटरची मैल्याची टाकी तेरा वेळांत भरली! गाडीच्या कमोडला ट्रॅपच नसतो. तळाला झडप आणि तिच्याभोवती रबरी सील असतं. पेडल दाबलं की झडप सरकते आणि मैला थेट खालच्या टाकीत पडतो.

पहिलं माप मागच्या भिंतीपासून तळाच्या बोल्टच्या मध्यापर्यंत घ्या. ते बहुधा 11 ते 12 इंच भरतं. भिंतीवर पट्टी किंवा पाइप पुढे आलेला असेल, तर माप तिथून धरा. गाडीची भिंत वर जाताना आत झुकते, म्हणून झाकण उभं राहील त्या उंचीवरही टेप लावा. नाहीतर नवा कमोड खाली चपखल बसेल, पण झाकण उघडं राहणार नाही. पेडलच्या बाजूला पाऊल मावतं का आणि दार अडत नाही ना, हेही बघा. उंच मॉडेलची बैठक 17–18 इंचांवर असते, बुटक्याची 13–14 इंचांवर. चाकाच्या उंचवट्यावर बसवायचा असेल तर बुटकाच घ्या.

आता टाकी रिकामी करून धुवा, पंप बंद करा, नळीतलं पाणी काढा. खिडकी उघडी ठेवा, कारण टाकीतला वायू घातक असतो. कमोड उचलल्याबरोबर भोकात फडकं कोंबा. नट आत पडला, तर निस्तरायला फार त्रास होतो.

सगळ्यात दुर्लक्षित माप आता दिसतं: जमिनीपासून फ्लँजची, म्हणजे कमोड ज्यावर बोल्टने बसतो त्या टाकीच्या तोंडावरच्या कड्याची उंची. ती साधारण 6 ते 11 मिलिमीटर हवी, पण नेमका आकडा नव्या कमोडच्या पत्रकात पाहा. फ्लँज खोल असेल तर त्याच्या आणि कमोडच्या मधलं सील दबत नाही आणि गळती लागते. वर आला असेल तर कमोड डुगडुगतो, आणि तो थांबवायला नट आवळत गेलं की प्लास्टिकचा तळ तडकतो. फ्लँजभोवतीचा प्लाय स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. मऊ लागला तर आधी प्लाय बदला.

फ्लँजवरचं सील नवंच घाला. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा आणि कमोड हलायचा थांबला की थांबा. अमेरिकी कमोडच्या पाण्याच्या अर्ध्या इंची जोडाचे आटे आपल्या फिटिंगसारखेच दिसतात, इंचाला 14. पण त्यांचा कोन 60 अंशांचा, आपला 55चा, म्हणून जोर करून बसवलेला जोड पुढे झिरपतो. मधे योग्य अ‍ॅडॅप्टर लावा.

कमोडच्या भांड्यात पाणी भरून पेन्सिलने खूण करा. तासाभरात पातळी उतरली, तर झडपेच्या सीलवर कचरा अडकलाय. सीलला व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं. सिलिकॉन तेल चालतं. मग तळाभोवती कोरडा टिश्यू फिरवा, फ्लश करा, पुन्हा फिरवा. घाटातून एक फेरी झाल्यावर नट परत तपासा आणि मगच त्यांवर टोप्या बसवा.