काजू कारखान्यांची कुलपं

शेतमालावर प्रक्रिया करा, रोजगार आपोआप येईल, असं आपण व्यासपीठांवरून नेहमी ऐकतो. आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये हे करून झालं होतं, म्हणून तिथल्या काजूबद्दल बोलतो.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला हा देश काजू उत्पादनात जगात आघाडीवर होता. 1975 मध्ये पोर्तुगीज गेले. बी देशातच फोडली जावी म्हणून नव्या सरकारने कच्च्या बियांची निर्यात बंद केली. मग 1992 पर्यंत यादवी. बागांकडे बघायला कोणी नाही. युद्ध संपल्यावर कारखाने खासगी मालकांना विकले, आणि लगोलग, जागतिक बँकेच्या आग्रहामुळे, कच्च्या बियांवर बंदीच्या जागी आलेला निर्यात कर उतरवायला घेतला. शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, हा त्यामागचा हिशेब. बी जहाजांनी भारतात यायला लागली, तिकडचे बहुतेक मोठे कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. शेतकऱ्याच्या पदरात मात्र फार थोडं पडलं. मलई मधल्यांनी खाल्ली.

1999 मध्ये संसदेने कर पुन्हा वाढवला. तरी कारखान्यांची कुलपं उघडली नाहीत. कर हवा की नको, या वादात दोन्ही बाजू कर, कर करत राहिल्या, आणि माझ्या मते तिथेच फसल्या.

कारखान्याचं गणित बघा. हंगाम साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. बारा महिने काम द्यायचं, तर वर्षभराची बी त्या चार महिन्यांत रोखीने घेऊन गोदामात भरावी लागते. खेळतं भांडवल नसेल, कर्जाचं व्याज झेपत नसेल, तर चार-पाच महिन्यांचा माल घेतला जातो आणि तो संपला की दार बंद. बी फोडणाऱ्या बाईचं काम तर कसबाचं. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, ते सांभाळत गर अख्खा काढायचा. तुकडा पडला की भाव उतरला. हात बसायला वेळ लागतो. हात बसला आणि कामच थांबलं, तर ती दुसरीकडे जाणारच. सरकारी कागदावर मात्र तिचा रोजगार ‘निर्माण’ झालेला असतो!

पुढे 2000 नंतर नाम्पुला प्रांतात छोटे कारखाने उभे राहिले, काजूच्या मुलखातच. जुन्या अवजड यंत्रांत गर फार फुटायचा. इथे बी वाफवून, हाता-पायाने चालणाऱ्या साध्या यंत्रावर फोडायची, भारतातल्यासारखी. गर अख्खा राहतो, आणि माणसंही जास्त लागतात.

पण बी कुठून आणणार? झाडं म्हातारी, त्यावर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. म्हणून तिथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पाठीवर पंप घेऊन फिरणारा गावचा फवारणीवाला. शेतकऱ्यांची झाडं तो फवारून देतो आणि मोबदला घेतो, कधी पैशांत, कधी बियांत. रोजगाराच्या आकडेवारीत त्याला कोणी धरत नाही. कारखान्याच्या फाटकावरची माणसं मोजायला सोपी असतात. त्याने फुलोऱ्यात फवारणी चुकवली, तर त्या फाटकातून आत न्यायला बीच उरत नाही.