चांदीत उतरलेली बुरशी

(दृश्य: ब्राँकोस्कोपी. पडद्यावर श्वासनलिका.)

दुर्बीण आता फुप्फुसाच्या एका फांदीत जाऊन टेकली आहे. इथं सलाईन सोडायचं आणि लगेच परत ओढून घ्यायचं. बाटलीत येतंय ते हे: गढूळ, फेसाळ.

ही तपासणी ज्यांची चालली आहे, त्या ताईंना ल्यूपस आहे. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उलटते. तिला आवरायला स्टेरॉइड द्यावंच लागतं. पण मग राखणही ढिली पडते. दोन महिन्यांत कोरडा खोकला, पाठोपाठ जिना चढताना धाप. आपल्याकडे खोकला लांबला की आधी टीबीची शंका, आणि ती रास्तच. थुंकीत टीबी सापडला नाही. सिटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसं घासलेल्या काचेसारखी धुरकट.

(दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल.)

इथं जरा थांबू. बाटलीतलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा साका काचपट्टीवर पसरलाय. आधी क्रोमिक आम्ल, मग 60 अंशांच्या आसपास तापलेलं चांदीचं द्रावण. पट्टी सावकाश तपकिरी होते. तंत्रज्ञ ती मधूनमधून काढून बघतात. जास्त वेळ राहिली तर सगळंच काळं. मग सोन्याच्या क्षाराचं पाणी, शेवटी हिरवा रंग.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली.)

हिरव्यावर काळे, चेपलेल्या चेंडूंसारखे ठिपके दिसताहेत ना? न्यूमोसिस्टिस जिरोव्हेसी, ताईंच्या धापेचं कारण. 1909 मध्ये ब्राझीलच्या कार्लोस शागास यांना न्यूमोसिस्टिस दिसला, पण ती ट्रिपॅनोसोमा या परजीवीचीच एक अवस्था वाटली. पुढेही तो परजीवीच मानला गेला. 1988 मध्ये आरएनएच्या तपासणीतून कळलं, ही बुरशी आहे. नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या माध्यमात, ती वाढत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत ती बऱ्याचदा मोजकीच असते. पट्टीवर दिसली नाही, तरी शंका असेल तर पीसीआर, म्हणजे तिचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करायलाच हवी.

ताई ऑक्सिजनवर होत्या, आता घरी आहेत.

(दृश्य: गोळ्यांची सात खणांची डबी.)

उपचाराचं औषध को-ट्रायमॉक्साझोल. आजार होऊ नये म्हणूनही तेच, पण थोडक्या डोसात. स्वस्त, जुनी गोळी. पण त्यातलं सल्फा सगळ्यांना सोसत नाही, ल्यूपसमध्ये तर नाहीच कित्येकांना, म्हणून निर्णय डॉक्टरांचा. पण रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइडच) महिनाभर चालणार असेल, तर हा विषय पहिल्याच चिठ्ठीच्या वेळी निघायला हवा. तो रुग्णानं काढला तरी चालेल.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. ताईंच्या डबीत या तीन खणांत ती गोळी आता आहे.