धारण तलावातला गाळ

संध्याकाळी वाशीच्या मिनी सीशोरला चालायला येणाऱ्यांना हे नुसतं तळं वाटतं. नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’चंही तेच. पण हे आहेत धारण तलाव, सिडकोने शहर वसवताना राखून ठेवलेले. नवी मुंबईचा बराच भाग खाजणात भराव घालून उभा राहिला. उधाणाच्या भरतीला खाडी गटारांच्या तोंडापेक्षा वर चढते. तेवढा वेळ पावसाचं पाणी इथे थांबतं, ओहोटी लागली की खाडीत उतरतं.

हे काम करतात तलावाच्या खाडीकडच्या तोंडावरची ही झाकणं. वर बिजागरी, खाली मोकळी. खाडीने बाहेरून रेटलं की बंद, आतलं पाणी चढलं की उघडी. ना मोटर, ना माणूस. खारभूमीत भात लावणाऱ्या आगरी शेतकऱ्याला याचं नवल नाही, त्याच्या बांधातली उघाडी हेच काम करते.

आता झाकणाच्या बुडाशी बघा. चिखल, त्यात रुतलेली चप्पल, दुधाची पिशवी. झाकण चार बोटं उघडं राहिलंय. तेवढ्या फटीतून भरतीचं गढूळ पाणी आत येतं आणि तलाव दोन्हीकडून गाळाने भरत जातो. डोंगराकडून येणारे नाले माती-रेती आणतात. तलावात शिरताच पाण्याचा वेग मरतो, जड रेती तोंडाशीच बसते. बारीक माती पुढे जाते खरी, पण खाऱ्या पाण्यात तिचे कण चिकटून गुठळ्या होतात आणि तळ गाठतात.

पावसाळ्याआधी नालेसफाई होते, पोकलेनचे फोटोही छापून येतात. पण पुढे तलावच भरलेला असेल तर पाणी त्याच साफ नाल्यात मागे फुगतं.

मग तलाव का उपसत नाहीत? गाळ वर आला, त्यावर तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, रुजली. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली. सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. या बंदीला दोष देणं सोपं आहे, आणि चुकीचंही. गाळ वेळच्या वेळी निघत राहिला असता, तर तिवरांना रुजायला जागाच मिळाली नसती.

तिवरं नसलेल्या जागी तरी आज हात घालता येईल: नाल्याच्या तोंडाशी रेती अडवणारा खड्डा, पोकलेन पोचेल असा. आणि झाकणाच्या उंबऱ्यावरचा चिखल तर ओहोटीत माणसांनी फावड्याने ओढण्याजोगा. ओहोटी कधी, ते भरतीच्या तक्त्यात वर्षभर आधी छापलेलं असतं.