नुसतं ओतू नका, घासा

नमस्कार मंडळी. आज डेंग्यूबद्दल बोलायचंय, आणि खरं तर मला एका रांजणाबद्दल बोलायचंय. रांजण येईलच, आधी दोन गोष्टी पटकन सांगून घेतो, तुम्हाला बऱ्याचशा माहितीच असतील.

डेंग्यूचा डास म्हणजे एडिस. पायांवर पांढरे पट्टे, आणि चावतो दिवसा, म्हणून दुपारी झोपलेल्या लेकरावर पण मच्छरदाणी टाका. दुसरं म्हणजे हा गटारीतला डास नाही, आपण जपून भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात तो वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. हा आठाचा आकडा लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

तर मी आरोग्य सेवक होतो, बीड जिल्ह्यात, गावाचं नाव राहू दे. नळाला पाणी आठ दिवसांनी एकदा, मंगळवारी, ते पण पाऊण तास. त्या पाऊण तासात घागरी, हंडे, टिपाडं, रांजण, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. आणि मी गावात सांगत फिरायचो की शनिवारी कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा. लोक हो हो म्हणायचे. एका आजींनी मात्र मला दारातच थांबवलं. म्हणाल्या, "मंगळवारी ताटकळत भरलेलं पाणी शनिवारी सांडू का रं बाबा? अन् पुढचे तीन दिस लेकरं काय पितील?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी वहीत लिहून टाकलं, सहकार्य नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पावसाळ्यात त्याच गल्लीतली सातवीतली एक मुलगी डेंग्यूनं आजारी पडली, मग आम्ही आशाताईंना घेऊन एकेक भांडं बॅटरी मारून बघितलं. ज्यांनी शनिवारी टिपाडं ओतली होती त्यांच्याकडं पण अळ्या वळवळताना दिसल्या. मला कळेचना, ओतलंय तर अळ्या आल्या कुठून? आणि आजींचा रांजण, ज्यांना मी सहकार्य नाही म्हणून लिहिलं होतं, त्यात एक पण अळी नाही. आशाताईंनी परत बघितलं, मी परत बघितलं, नाहीच.

मी विचारलं, आजी तुम्ही करता काय? तर त्या म्हणाल्या, सोमवारी संध्याकाळी रांजण तळाला लागतो, तेव्हा उरलेलं तांब्याभर पाणी तुळशीला घालायचं आणि नारळाची शेंडी आणि राख घेऊन रांजण आतून घासायचा, कारण हाताला बुळबुळीत लागतं. रात्रभर पालथा ठेवायचा. मंगळवारी भरायचा आणि जुन्या धोतराची दुहेरी घडी तोंडाला सुतळीनं आवळून बांधायची. सासूनं शिकवलेलं, एवढंच.

आता बघा, यात सगळं आलं. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या अंगाला चिकटवते. पाणी ओतलं तरी अंडी तिथंच. वाळली तरी मरत नाहीत, महिनोन्‌महिने तशीच राहतात आणि परत पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतू नका, घासा. परत सांगतो, नुसतं ओतू नका, घासा. आणि आठ दिवसांतून एकदा घासलं की डास तयार व्हायच्या आत त्याचं चक्र तुटतं. नळ आठ दिवसांचा, डास आठ-दहा दिवसांचा, आजींनी ते बरोबर जुळवलं होतं, जुळत नव्हता तो आमचा शनिवार.

पुढच्या ग्रामसभेत मी वही उघडून झालेली चूक सांगितली आणि गावाचा कोरडा दिवस सोमवार केला. बचत गटाच्या बायकांनी गल्ल्या वाटून घेतल्या, शाळेतली पोरं टायर, करवंट्या, फुटक्या कुंड्या गोळा करायला लागली, कारण हा डास फार लांब उडत नाही, शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो, तुम्हाला चावणारा डास बहुतेक शेजारच्याच घरातला असतो. गाव म्हणून करावं लागतं ते यासाठी. आणि माझं तर स्पष्ट मत आहे की नळाला पाणी कधी येणार ते प्रत्येक गावात शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावं, पाण्यावरनं होणारी निम्मी भांडणं मिटतील, बायकांचा अख्खा दिवस वाट बघण्यात जातो त्याची कुणालाच पर्वा नाही. असो.

धुराच्या गाडीचं पण सांगतो. लोक तिचीच मागणी करतात, पण धुरानं उडते डास मरतात, टिपाडातल्या अळ्या तशाच राहतात.

त्या मुलीचं राहिलं. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी उतरला, घरचे म्हणाले झाली बरी. आणि दुपारी पोट जोरात दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं, ताप उतरतो तेव्हाच. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून गेल्यासारखं होणं, यातलं काही दिसलं की थांबायचं नाही. गल्लीतल्या पोरांनी जीप काढली, दोघं तिच्या आईसोबत दवाखान्यात थांबले, शेजारणींनी धाकट्या भावाला सांभाळलं. पोरगी आठवड्यानं घरी आली.

घरी तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनानं देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ताक, पेज, ओआरएस थोडं थोडं देत राहा. पपईच्या पानाच्या रसाच्या भरवशावर घरी बसू नका.

आणि ज्यांच्याकडं मोठे हौद आहेत, रिकामे करता येत नाहीत, त्यांनी गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. बरणी घरून न्या, झाकणाला भोकं पाडून, आणि मासे उन्हात न ठेवता लगेच हौदात सोडा. नमस्कार.